उतरता नंबर

आमच्या घरात चष्मा हे व्यसन समजलं जायचं. दारू, बिडी, खर्रा आणि माझा चष्मा, असा क्रम होता. हे मी गमतीनं लिहीत नाही. माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, हे चारही शब्द एका दमात घ्यायचे आणि ओट्यावर बसलेली माणसं माना हलवायची. मला त्या माना हललेल्या दिसायच्या नाहीत. चष्मा मोठ्या बाबांच्या खिशात असायचा.

खर्रा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, त्याचा ओलसर काळपट चुरा होतो, तो गालात धरायचा. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी खर्रा विचारतात. पोट्टे दप्तरात ठेवतात, बायका पदराच्या गाठीत. पोंभुर्ण्याच्या आतल्या अंगाला आमचं गाव, तिथं वाघ पाहिलेली माणसं पुष्कळ सापडतील, खर्रा सोडलेला माणूस सापडायचा नाही. मोठ्या बाबांनी सोडला. त्यांचा एक जिवलग मित्र होता, दोघं एकमेकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, राबायचे. तो गालाला भोक पडून गेला. त्याला जाळून आल्यावर मोठ्या बाबांनी ठरवलं आणि करून दाखवलं. पण एकदम नाही. आधी बोराएवढा तोबरा, मग तुरीच्या दाण्याएवढा, मग चिमटीच्या टोकावर राहील एवढा, आणि शेवटी नुसती रिकामी पन्नी हुंगायची. एक दिवस ती पन्नीही चुलीत घातली. घरभर जळक्या प्लास्टिकचा वास सुटला आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं सल्ला विचारायला यायला लागली. मोठे बाबा त्यांना सांगायचे, "व्यसन तोडाचं नसते बाप्पा, उतरवाचं असते. तोडलं का ते अंगावर येते. थोडं थोडं उतरवा, त्याले समजू देऊ नका."

माणूस चांगला होता. आमचं एकत्र खटलं त्यांनीच ओढलं, माझ्या शिक्षणाच्या आड ते कधी आले नाहीत, दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. हे आधीच लिहून ठेवते. वाईट माणसानं हे सगळं केलं असतं तर माझा राग कधीच संपून गेला असता.

मी चौथीत असताना गुरुजींच्या लक्षात आलं की ही पोरगी फळ्यावरचं लिहून घेत नाही, शेजारणीच्या पाटीवरचं घेते. चंद्रपूरला नेलं, नंबर निघाला, चष्मा आला. पुढच्या वर्षी काच बदलली, जाड आली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी जाड. शाळेत मला सोडाबाटली म्हणायचे. आईला वेगळी काळजी होती. शेणाच्या टोपल्या टाकता टाकता ती म्हणायची, "असे भिंग लावलेली पोरगी कोण करन?" मोठ्या बाबांची काळजी लग्नाची नव्हती. ते तो चष्मा हातात घेऊन उजेडाला धरायचे, काचेच्या कडेवरून बोट फिरवायचे, आणि त्यांना तिथं बोराएवढा तोबरा दिसायचा.

"पहिले काच पातळ होती," ते म्हणाले. "मंग जाड झाली. मंग अजून जाड. असं काय वाढते, सांगा? व्यसनच वाढते. काच डोळ्याले आयतं आणून देते, मंग डोळा कायले मेहनत करन?"

आई चुलीपाशी होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "भाऊजी, डॉक्टर तं म्हणला, रोज लावा."

"डॉक्टर म्हणनच ना! पानठेलेवाला म्हणते का कधी, खर्रा खाऊ नोको म्हणून?"

ओटा हसला. झालं, निकाल लागला. माझे वडील बल्लारपूरकडे लाकडाच्या डेपोत कामाला होते. सुटीच्या दिवशी घरी यायचे, कागदात बांधलेला चिवडा आणायचे आणि मोठ्या भावासमोर मान खाली घालून बसायचे. ते म्हणाले, "दादा म्हणते तं पाहून घेऊ." बाबांच्या या एका वाक्यावर मी जेवढी वर्षं चिडलेली आहे तेवढी मोठ्या बाबांच्या सगळ्या भाषणांवर मिळून नसेन.

मग उतरवणं सुरू झालं. मोठे बाबा मला घेऊन चंद्रपूरच्या चष्मेवाल्याकडे गेले आणि म्हणाले, हिच्या नंबराहून थोडा कमी काढा. चष्मेवाल्यानं समजावून पाहिलं. मोठे बाबा म्हणाले, "डोळे आमच्या पोरीचे, तुमचं काय जाते?" त्याचं खरंच काही जात नव्हतं. त्यानं काढून दिला. त्या चष्म्यातून गुरुजी दिसायचे, गुरुजींनी काय लिहिलं ते दिसायचं नाही. काही महिन्यांनी त्याहून कमी. तिसऱ्यांदा आणखी कमी, आणि तोही फक्त शाळेपुरता. घरी आलं की दारातच मोठ्या बाबांचा हात पुढे यायचा. मी चष्मा काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचे, ते तो रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. वर बाकीचे सोपस्कार होते. पहाटे बांधावरच्या दवात अनवाणी चालायचं. रात्री भिजवलेल्या त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुवायचे, ते झोंबायचे. तळहात घासून डोळ्यांवर धरायचे. शेवग्याचा पाला, बकऱ्याची काळीज-कलेजी, चंद्रपूरहून आणलेली गाजरं. खाण्याबद्दल माझी तक्रार नाही. कलेजी आमच्याकडे एरवी पुरुषांच्या ताटात जायची. त्या दोन वर्षांत ती माझ्या ताटात आली, एवढा एकच फायदा मला त्या उपचाराचा आठवतो.

मी एकदाच उलट बोलले. आमच्या पुढच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी, सगळ्या बौद्ध घरांत असतो तो निळ्या कोटातला फोटो होता. मी म्हटलं, "त्यांच्या डोळ्यावर तं गोल चष्मा आहे. त्याइले काऊन नाई सांगितलं कोणी उतरवा म्हणून?" मोठ्या बाबांनी मला त्याआधी कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी थोबाडीत मारली. "त्याइची बरोबरी करतं? त्याइनं किती वाचलं, तुले मालूम हाये?" मी वाचायला चष्मा मागतच नव्हते, कारण जवळचं मला उत्तम दिसायचं. मला लांबचं बघायचं होतं. पण हा फरक थोबाडीत खाल्ल्यावर समजावून सांगता येत नाही.

मध्येच आजचं सांगते, नाहीतर वाचणारे म्हणतील, जुन्या अडाणी काळातल्या गोष्टी आहेत. मी मुलचेऱ्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासते. परवा एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली, तापाची तपासणी होती. मुलगी डोळे बारीक करून भिंतीकडे बघत होती. मी विचारलं, चष्मा कुठं आहे हिचा? बाईनं हसून मोबाईल काढला. त्यात एक गुळगुळीत दाढीचा तरुण सांगत होता की चष्मा कंपन्यांनी आपल्याला गुलाम केलं आहे, दर महिन्याला नंबर कमी करत जा, डोळा आपोआप शिकेल. तेच वाक्य. मोठे बाबा निदान घरच्या पोरीवर प्रयोग करत होते, हा सगळ्या जगाच्या पोरींवर करतो आहे. मी त्या बाईला सांगितलं ते इथंही सांगते. पोरांनी उन्हावाऱ्यात खेळावं, भरपूर खेळावं. नंबर वाढायचा वेग त्यानं कमी होऊ शकतो, असं डोळ्यांचे डॉक्टरही सांगतात. पण वाढत्या वयात डोळ्याचा गोळाच लांबट झालेला असतो, तो दवात चालून आखूड होत नाही. आलेला नंबर उपाशी ठेवून मरत नाही. बाई म्हणाली, "दिदी, तुम्ही रागावू नका." मी म्हटलं, मी रागावणार.

त्या काळातलं आमचं घर मला दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतं. यात काव्य काही नाही, दिसतच नव्हतं. सकाळी आईच्या बांगड्या आणि शेणाच्या पाण्याचा सडा. मग मोठाईचं मुसळ. मोठी आई, मोठ्या बाबांची बायको, आम्ही तिला मोठाई म्हणायचो. तिला मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल ती कोणाला बोलू द्यायची नाही. भरदार बाई, गडद निळं लुगडं, चालायची ती जमीन हलवत. तिच्या हातची लाखोळीच्या डाळीची वडी आणि अंबाडीची आंबट भाजी भाताबरोबर खाल्ली की दुसरं काही नको वाटायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला ती मोहाची सुकी फुलं तिळासोबत भाजून कुटायची आणि त्याचे काळे चिकट लाडू करायची. तिची जीभ मात्र लाडवासारखी नव्हती. मी ठेचकाळून पाण्याची घागर सांडली की म्हणायची, "आली आमची डोळस! अवं, जमीन कुठी हाये ते तं पाहून चाल." आणि मग मोठे बाबा ऐकतील एवढ्या आवाजात, "पोट्टीचा नंबर उतरून राह्यला म्हणते, आता हीच उतरन एखाद्या विहिरीत."

 पण मोठ्या बाबांकडे पुरावा होता. भिंतीवर कॅलेंडर होतं, महिन्यातून एकदा ते मला उंबऱ्यावर उभं करून तारखा वाचायला लावायचे. कॅलेंडरात पहिल्या वाराखाली कोणती तारीख आली हे आधीच जवळून पाहून ठेवलं की पुढचं कोणालाही डोळे मिटून म्हणता येईल. मी म्हणायचे. मोठ्या बाबांचा आवाज भरून यायचा. "पाह्य! बिनाचष्म्याचं!" आई डोळे पुसायची. वर्गात मी गणितं चुकत होते, कारण फळ्यावरचा तीन आणि आठ मला सारखाच होता, आणि घरी मी सुधारत होते.

आता मोहाचं. आमची मोहाची झाडं नाल्याच्या काठाला होती. कोणाची झाडं कोणती हे गावात ठरलेलं असतं, त्यावरून भांडणं झाली तरी झाडाखालची फुलं दुसरा वेचत नाही. फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात, मग काळ्या राखेवर फिकट पिवळी फुलं उठून दिसतात. पहाटेपासून ती टपटपत असतात, आणि उन्हं वर यायच्या आत वेचली नाहीत तर गुरं खातात. हे काम मला फार चांगलं जमायचं. उकिडवं बसलं की फुलं डोळ्यांपासून हातभर लांब, म्हणजे माझ्या राज्यात. माझी टोपली सगळ्यांआधी भरायची. मोठ्या बाबांनी त्याचाही पुरावा केला.

त्या कामाची एक रीत आहे. अस्वलालाही मोह आवडतो, माणसापेक्षा जास्त. म्हणून झाडांजवळ पोचलं की आधी हाक द्यायची. समोर कोणी वाकलेलं दिसलं की नावानं, नात्यानं, कसंही हाकारायचं. ओ आली तर पुढे जायचं. ओ आली नाही तर जागेवर थांबायचं, नीट पाहायचं, आणि पाय मागे घ्यायचे. ही रीत लहान पोरालाही येते. मलाही येत होती. पण आमच्या घरात खर्राबंदी होती. मोठ्या बाबांनी स्वतःचा सोडला तेव्हा घरातल्या सगळ्यांचा सोडवला होता, निदान त्यांना तसं वाटत होतं. मोठाईनं सोडला नव्हता. ती तिचा खर्रा जंगलात खायची. मोहाखाली पोचली की पदराची गाठ सोडायची, गाल भरायची, आणि मग तासभर तोंड उघडायची नाही. कोणी हाक मारली तर नुसता हात वर करायची. बाकीच्यांना तो हात दिसायचा. मला नाही. त्यामुळे हाकेला ओ न येणं म्हणजे मोठाई, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या सकाळी ती आधी गेली होती, मी सडासारवण उरकून मागून निघाले. चष्मा शाळेच्या वेळेला मिळणार होता. नाल्याशी पोचले तेव्हा चांगलं उजाडलं होतं. आमच्या झाडाखाली राखेत एक गडद काहीतरी वाकलेलं होतं आणि वेचणारी बाई सरकते तसं हळूहळू एका फुलावरून दुसऱ्या फुलावर सरकत होतं. मी हाक दिली, "मोठाई वो!" ओ नाही. "सकायीच भरलं का तोंड? सांगू का मोठ्या बाबाले?" तरी काही नाही. मी पुढे गेले. टोपली खाली ठेवली, बसले, वेचायला लागले. वेचता वेचता बोलतही होते. आईनं लवकर बोलावलं आहे, बाबा आज येणार आहेत, त्यांच्यासाठी अंबाडी तोडायची आहे. किती वेळ बोलले कोण जाणे. मग मला चावल्याचा आवाज आला, ओला, सावकाश, लपालपा. मोठाई मोहाचं फूल कच्चं खात नाही. तिला त्यानं घसा खवखवतो. हे मनात आलं आणि त्याच वेळी वास आला, कुजक्या ओल्या पोत्याचा. मी मान वळवली. चेहरा असायला हवा तिथं चेहरा नव्हता, लांबट काहीतरी होतं.

"पय, पोट्टी! पयऽऽ!" आवाज नाल्याच्या बाजूनं आला. तिकडून मोठाई येत होती. मी उठले. पळायचं होतं, पण कुठून कुठे हे कळेना. एक काळं समोर उभं राहत होतं, एक काळं मागून धावत येत होतं, आणि यातलं आपलं कुठलं हे मला आवाजावरून ठरवावं लागत होतं. मोठाई मला ढकलून मध्ये शिरली. टोपली आपटल्याचं ऐकलं. दोन गडद डाग एक झाले. मी पाहिलं ते एवढंच. बाकी सगळं ऐकलं, आणि ते इथं लिहिणार नाही.

शेजारच्या झाडांखालची माणसं डबे बडवत, ओरडत आली. अस्वल गेलं. मोठाईला बाजेवर घातलं, तोंडावर तिचाच पदर गुंडाळला, रस्त्यापर्यंत नेलं, तिथून एका जीपनं चंद्रपूरला. आई आणि मोठे बाबा सोबत गेले. मला कोणीतरी घरी आणून बसवलं. मोठे बाबा दुसऱ्या दिवशी चंद्रपूरहून परत आले आणि मला म्हणाले, "घाबरू नोको. थोडं खरचटलं, टाके पडले. होते बरी."

फॉरेस्टचा गार्ड चौकशीला आला. ओट्यावर गाव गोळा झालं होतं. त्यानं मला समोर बसवलं.

"अस्वल केवढं होतं?"

"मले नाई दिसलं."

"बाजूले बसून मोह वेचत होती ना तू?"

"हो."

"मंग काय दिसलं?"

"मोठाई दिसली."

मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग ओटा फुटला. गार्डसुद्धा हसला. मोठे बाबा कसनुसे होत म्हणाले, "साहेब, पोट्टी भेली हाये." पण तीन-चार दिवसांत तेही हसायला शिकले. पानठेल्यावर, गिरणीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमची पोरगी अस्वलाले मोठाई म्हणते! बसून गोष्टी करत होती त्याच्यासंग!" मला शाळेत अस्वलाची पुतणी असं नाव पडलं. मला ते नाव चाललं असतं. मला मोठ्या बाबांचं हसू चाललं नाही. आज इतक्या वर्षांनी मला कळतं की ते हसत होते कारण हसले नसते तर त्यांना दुसरं काहीतरी म्हणावं लागलं असतं. कळतं, पण त्यानं राग कमी होत नाही. त्या साऱ्या गावात एकानंही म्हटलं नाही की पोरीच्या डोळ्यावर चष्मा का नव्हता. अस्वलाचं चुकलं, मोहाचं चुकलं, मोठाई एकटी पुढे गेली ते चुकलं. आणि मला विचारतात लोक, अजूनही विचारतात, तुला अपराधी वाटतं का? नाही. मी हाक दिली होती. मला जे करायला शिकवलं होतं ते मी सगळं केलं होतं. पाहण्याचं तेवढं माझ्या हातात ठेवलं नव्हतं.

मोठाई दवाखान्यात खूप दिवस होती. मला पहिल्यांदा नेलं तेव्हा ती पलंगावर बसलेली होती. निळ्या लुगड्याऐवजी काहीतरी फिकट, आणि डोकं म्हणजे एक पांढरा गोळा. पट्ट्यांच्या आतून आवाज आला, तिचाच, पण एका बाजूनं सांडणारा. मोठ्या बाबांनी सफरचंदाची पिशवी पुढे केली.

"हे काय हाये?"

"सफरचंद. डॉक्टर म्हणला, ताकत येते."

"चावू कायनं? ने वापस." मग थांबून म्हणाली, "पोट्टीचा चष्मा कुठी हाये?"

मोठ्या बाबांनी खिशाला हात लावला. "हाये ना. शाळेत लावते ते."

"तो नाई. पुरा. डॉक्टरनं पहिले देल्ला होता तो. तो आणल्याबिगर माह्यासमोर येऊ नोको."

मोठाई नवऱ्याला अरेतुरे करायची नाही. त्या दिवशी केलं. खोलीतल्या दुसऱ्या पलंगावरची बाई पदर तोंडाला लावून ऐकत होती. मोठे बाबा म्हणाले, "बरं, तुह्या मनासारखं," आणि मला घेऊन बाहेर पडले. रस्त्यानं मला म्हणाले की तिचं मन राखायला आणू, दुखणाईत बाई आहे, नंतर पुन्हा हळूहळू उतरवू. 

चष्मेवाला तोच होता. त्यानं मला लाकडी खुर्चीवर बसवलं, डोळ्यांवर जड लोखंडी चौकट चढवली आणि एकेक भिंग घालून बघायला लागला. बराच वेळ लागला. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, नंबर तर वाढला आहे. सुरुवातीचा होता त्याच्याही वर गेलाय." दोन वर्षांचं दव, त्रिफळा, कॅलेंडर, सगळं धरून तो आपल्या मनानं वाढतच गेला होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.  मला वाटलं, आता मोठ्या बाबांना समजलं. मग ते काउंटरवर वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "मंग असं करा. एकदम एवढा नोको. एक घर कमी द्या."

मी खुर्चीवरून उठले. ती लोखंडी चौकट माझ्या डोळ्यांवर तशीच होती. आमच्या घरात मोठ्या बाबांच्या बोलण्यावर कोणी बोलत नव्हतं, माझा बाप बोलत नव्हता. "पुरा द्या," मी चष्मेवाल्याला म्हटलं. "याइचं ऐकू नका. पुरा नंबर द्या. कमी देल्ला तं मी इथीच फोडन." चष्मेवाल्यानं मोठ्या बाबांकडे बघितलं. मी म्हटलं, "इकडं पाहा. डोळे माहे हायेत." तो माझ्याकडे बघून मान हलवून लिहायला लागला. त्याची ती हललेली मान मला स्पष्ट दिसली.

चष्मा मिळाला त्याच दिवशी मोठाईच्या पट्ट्या सुटल्या होत्या. आई दारातच भेटली, म्हणाली, आत जा, पण रडू नको. मी चष्मा लावला होता. दवाखान्याच्या फरशीतल्या चिरा, खिडकीच्या गजांवरचा गंज, पलंगांच्या ओळीतल्या प्रत्येक बाईचं नाक-डोळे दिसत होते. मोठाई शेवटच्या पलंगावर भिंतीला टेकून होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. डाव्या कानाच्या जागी चुण्या पडलेलं एक भोक होतं. तिथून ओठापर्यंत गाल खाली ओढलेला, टाक्यांच्या कडा उसवल्या पोत्यासारख्या, आणि ओठाचा कोपरा मिटत नव्हता, आतले दात दिसत होते. केस निम्म्या डोक्यावर नव्हते. थोडं खरचटलं, मला सांगितलं होतं. मी तिच्याशी इतके दिवस बोलत होते, एका पांढऱ्या गोळ्याशी, आणि त्या गोळ्याच्या आत हे होतं.

"काय पाहते वं?" मोठाई म्हणाली. लाळ गळत होती, तिनं ती पदरानं पुसली. "कधी पाह्यली नाई का मोठाई?"

मी मोठ्या बाबांकडे वळले. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे होते आणि तिच्याकडे नाही, खिडकीबाहेर बघत होते. त्यांना हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. गार्डसमोर, पानठेल्यावर, चष्मेवाल्याच्या काउंटरवर वाकले तेव्हाही दिसत होतं. त्यांचे डोळे चांगले होते.